प्रगतिपुस्तक शिक्षकांचं

सिंगापूरच्या शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरात संपतं. वर्ष संपत येतं तशी परीक्षा, उत्तरपत्रिका आणि पालकभेटींची धांदल उडते. त्याच सुमारास शाळेत आणखी एक निकाल तयार होत असतो आणि मुलांना किंवा पालकांना त्याचा पत्ताही नसतो. हा निकाल शिक्षकांचा. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि विभागप्रमुख दार लावून बसतात. समोर शिक्षकांची यादी असते, पदांच्या पायरीनुसार गट पाडलेली. एकेका नावावर बोलणं होतं, कोण कुणाच्या वर आणि कोण खाली हे ठरतं आणि त्यातून पुढे ए, बी, सी प्लस, सी अशी अक्षरं निघतात. त्या अक्षरावर बोनसची रक्कम ठरते, बढतीचा मार्गही बराचसा तिथूनच मोकळा होतो किंवा अडतो. शिक्षकांच्या तोंडी या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘रँकिंग’.

या बैठकीत मुख्य खुर्चीवर बसलेल्या मुख्याध्यापकांची अवस्था जरा चमत्कारिक असते. समोरच्या यादीतले बहुतेक शिक्षक त्यांनी निवडलेले नसतात. सरकारी शाळांमधला शिक्षक हा शिक्षण मंत्रालयाचा नोकर. मंत्रालय त्याला आधी निवडतं, मग राष्ट्रीय शिक्षण संस्थेत, म्हणजे ‘एनआयई’त, प्रशिक्षणाला पाठवतं. प्रशिक्षणाच्या काळातही पगार सुरू असतो आणि त्या बदल्यात पदवीनंतरचा अभ्यासक्रम करणाऱ्याकडून साधारण तीन वर्षं शिकवण्याचा करार करून घेतला जातो. देशभरात शिक्षक घडवणारी संस्था ही एवढी एकच. पगाराची श्रेणीही मंत्रालयच ठरवतं. म्हणजे नेमणूक वरून, पगार वरून, बदलीचा आदेशही वरून. मुख्याध्यापकांच्या हातात उरतं ते त्यांचं मत. पण सुमारे ३५ हजार शिक्षकांच्या या व्यवस्थेत, शाळेच्या पायरीवर, त्या मताला जेवढं वजन आहे तेवढं दुसऱ्या कशालाच नाही.

ही व्यवस्था आजच्या रूपात फार जुनी नाही. २००१ मध्ये मंत्रालयाने शिक्षकांपुढे तीन वाटा ठेवल्या. एक अध्यापनाची, एक नेतृत्वाची आणि एक विषयतज्ज्ञाची. तोवर शिक्षकाला वर चढायचं तर वर्ग सोडून कार्यालयात जावं लागे, आपल्याकडे आजही लागतं तसं. अध्यापनाच्या वाटेवर सीनियर टीचर, मास्टर टीचर अशा पायऱ्या आल्या आणि पुढे २००९ मध्ये त्यावर प्रिन्सिपल मास्टर टीचरचं पद आलं. वाटा तीन झाल्या म्हटल्यावर प्रत्येक वाटेवरचं काम मोजायचं कसं, हा प्रश्न आलाच. त्यासाठी २००३ मध्ये निवडक शाळांत नवी मूल्यमापन पद्धत करून पाहिली आणि २००५ पासून ती सगळीकडे लागू केली. तिचं नाव लांबलचक आहे, एन्हान्स्ड परफॉर्मन्स मॅनेजमेंट सिस्टिम. शिक्षक ‘ईपीएमएस’ म्हणतात आणि अर्ज भरायची वेळ आली की उसासा टाकतात.

वर्षारंभी शिक्षक या अर्जात आपली उद्दिष्टं लिहितो. मुलांच्या अभ्यासात आणि घडणीत काय करणार, स्वतः काय शिकणार, सहकाऱ्यांना काय शिकवणार, शाळेच्या कामात कुठे हातभार लावणार. त्याच्या वर एक ‘रिपोर्टिंग ऑफिसर’ असतो, बोलीभाषेत आरओ. बहुधा तो विषयाचा विभागप्रमुख असतो. वर्षाच्या मध्यावर दोघं बसून कुठवर आलं ते बघतात, वर्षअखेर पुन्हा बसतात. मधल्या काळात आरओ वर्गात येऊन तास पाहतो. शिक्षकाने कोणत्या गुणांनी काम केलं तेही तपासलं जातं. या गुणांच्या केंद्रस्थानी मूल सर्वांगाने वाढवणं ठेवलं आहे आणि भोवती चार गोष्टी आहेत. ज्ञान जोपासणं, मनं जिंकणं, इतरांबरोबर काम करणं, स्वतःला आणि दुसऱ्याला ओळखणं. ज्ञान जोपासण्यात विषयावरची पकड आणि विश्लेषक विचार आले, तसे पुढाकार आणि कल्पकतेने शिकवणंही आलं.

कागदावर हे वाचायला छानच आहे. शिक्षकाला वर्षातून तीनदा कुणीतरी समोर बसवून त्याच्या कामाबद्दल बोलतं, ही गोष्ट जगातल्या पुष्कळ शाळांत घडतच नाही. आणि मुलांच्या गुणांवरून सरळ शिक्षकाची किंमत काढायची, हा आडदांड मार्गही इथे घेतलेला नाही.

तो आडदांड मार्ग आपल्या ओळखीचा आहे, कारण मुंबई इलाख्याने तो चालवून पाहिला आहे. १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आणली. तपासनीस यायचा, मुलांना वाचायला, लिहायला, हिशेब करायला लावायचा आणि जितकी मुलं पास होतील त्या हिशेबाने शाळेला पैसे मिळायचे. तीच तऱ्हा इलाख्यातल्या अनुदानित शाळांना लागू झाली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी तिच्यातली नेमकी खोट दाखवली. गोरगरिबांत, जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ही पद्धत कुचकामी आहे आणि तिच्या भरवशावर कुणी शिक्षक अशा वस्तीत शाळा काढायला धजणार नाही, कारण त्याचं पोट भरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. निकाल मोजला की सगळ्यात अवघड मुलांकडे जाणाऱ्या शिक्षकाचंच नुकसान होतं, हे शिक्षणशास्त्राच्या आजच्या पाठ्यपुस्तकातलं सूत्र. ते गंज पेठेतल्या माणसाने त्या काळात सरकारला लिहून दिलं होतं. इंग्लंडने ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत काढली.

सिंगापूरने निकालाऐवजी माणसाचा आवाका मोजायचं ठरवलं. त्याची फूटपट्टी आणली कुठून, तर तेलकंपनीतून. १९८३ मध्ये तिथल्या प्रशासनाने शेल कंपनीची अधिकारी पारखण्याची पद्धत उचलली. तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांना ती फार पसंत पडली होती. तिच्यात चार गुणांवर भर होता. विश्लेषणाची ताकद, कल्पनाशक्ती, वास्तवाचं भान आणि चौथा ‘हेलिकॉप्टर’ गुण. हेलिकॉप्टरसारखं उंच जाऊन अख्खा प्रदेश पाहायचा आणि गरज पडली की झपकन खाली उतरून एखाद्या झुडपावर नजर रोखायची, तशी कुवत. याच पद्धतीतून आणखी एक संकल्पना आली, ‘करंट एस्टिमेटेड पोटेन्शियल’. हा अधिकारी पुढे जास्तीत जास्त कोणत्या पदापर्यंत चढू शकेल याचा वरिष्ठांनी बांधलेला अंदाज. वर्षाच्या कामाला मिळणारं अक्षर वेगळं आणि हा अंदाज वेगळा. अंदाज ज्याच्याविषयी बांधला त्याला तो सांगायचा नाही, असाच प्रघात पडला.

सचिवालयातल्या अधिकाऱ्यासाठी हे ठीक असेल. चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंच्या बाबतीत हेलिकॉप्टर कुठे उडवायचं, हा प्रश्न मला पडतो. त्यांचं सगळं कौशल्य त्या झुडपापाशीच असतं. पण शिक्षक हा सरकारी नोकर, म्हणून प्रशासनाची फूटपट्टी त्याच्याही पाठीला लागली.

मुख्याध्यापकांकडे हे काम कसं आलं तेही पाहण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकाअखेर उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांच्या अहवालाने सिंगापूरची शाळा एका साच्यात बसवली. अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा सगळं मंत्रालयातून. मुख्याध्यापकांनी आदेश पाळायचे, एवढंच. साचा पक्का झाल्यावर तो टोचू लागला. १९८६ मध्ये शिक्षणमंत्री टोनी टॅन यांनी बारा मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन इंग्लंड-अमेरिकेतल्या नामांकित शाळा पाहिल्या. परत आल्यावर त्या बाराजणांनी १९८७ मध्ये अहवाल दिला, त्याचा आशय असा की शाळा चांगली व्हायची तर मुख्याध्यापकाचे हात मोकळे करा. लगेच १९८८ पासून काही नामवंत शाळांना ‘इंडिपेंडंट’ दर्जा मिळाला आणि त्या स्वतःचे शिक्षक स्वतः नेमू लागल्या. बाकीच्या शाळांना तेवढी मोकळीक मिळाली नाही. १९९७ पासून मंत्रालयाने शाळांचे ‘क्लस्टर’ केले, प्रत्येकावर एक सुपरिटेंडंट बसवला आणि पूर्वी वरून होणारे बरेच निर्णय शाळेच्या जवळ आणले. २००१ पासून भावी मुख्याध्यापकांसाठी एनआयईत सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम सुरू झाला. सेवाज्येष्ठतेची यादी वर सरकली म्हणून कुणी मुख्याध्यापक होत नाही. आधी विभागप्रमुख, मग उपमुख्याध्यापक, मग मुलाखती, मग हा अभ्यासक्रम आणि त्यानंतर शाळा.

आता पुन्हा त्या बंद दाराआड जाऊ. समजा एका माध्यमिक शाळेत एकाच पायरीवरचे दोन शिक्षक आहेत. पहिल्या बाई गणित शिकवतात. वर्ग चांगला, निकाल चांगला. शिवाय शाळेच्या नव्या संगणकीय प्रकल्पाची धुरा त्यांच्याकडे आहे आणि क्लस्टरच्या मेळाव्यात त्यांनी त्यावर सादरीकरणही केलं. दुसरे सर अभ्यासात सगळ्यात मागे असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतात. त्यांच्या वर्गातला एक मुलगा शाळेत येईनासा झाला होता. सर दर आठवड्याला त्याच्या घरी जात, खालच्या मजल्यावरच्या कॉफीशॉपमध्ये त्याच्या वडिलांशी बोलत. मुलगा जुलैत परत आला. परीक्षेत तो जेमतेम पास झाला. रँकिंगच्या टेबलावर पहिल्या बाईंचा आरओ पाच ओळी वाचून दाखवतो आणि त्या पाचही ओळींमागे काहीतरी पुरावा असतो, सादरीकरण, प्रकल्प, निकालाचा तक्ता. दुसऱ्या सरांच्या आरओकडे एक गोष्ट असते. गोष्ट चांगली सांगता आली तर ठीक. आरओ अबोल असेल, किंवा तो स्वतःच या शाळेत नवा असेल, तर सर मागे पडतात.

मुख्याध्यापकांची खरी गरज इथे लागते. त्यांनी वर्षभर व्हरांड्यातून फिरताना, वर्गात दहा मिनिटं मागे उभं राहताना काही पाहिलं असेल तर ते मध्येच थांबवून विचारू शकतात, की तो मुलगा परत आला तो कुणामुळे? आरओने आपल्या माणसाला फुगवून सांगितलं असेल तर हवाही काढू शकतात. एका विभागाचा प्रमुख कडक आणि दुसऱ्याचा सढळ असेल तर दोघांना एका पातळीवर आणणं हेही त्यांचंच काम. तसं झालं नाही तर शिक्षकाचं अक्षर त्याच्या कामापेक्षा त्याच्या आरओच्या स्वभावावर ठरतं. साठ-सत्तर, कधी त्याहून जास्त शिक्षकांच्या शाळेत प्रत्येकाचा वर्ग मुख्याध्यापकांनी स्वतः नीट पाहिला असेल, अशी अपेक्षा मात्र कुणी करू नये.

मुख्याध्यापकांच्या नजरेची पारख संशोधकांनीही केली आहे. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी मुख्याध्यापकांना त्यांच्या शिक्षकांबद्दलचं मत विचारलं आणि ते मुलांच्या प्रगतीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सर्वांत उत्तम कोण आणि सर्वांत कच्चे कोण हे मुख्याध्यापकांना बऱ्यापैकी अचूक कळतं. मधल्या मोठ्या घोळक्यात डावं-उजवं करता येत नाही. पुढे गेट्स फाउंडेशनच्या पैशातून सुमारे तीन हजार शिक्षकांवर झालेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच निरीक्षकाने दुसरा तास पाहिल्याने मताची विश्वासार्हता जितकी वाढते, त्याहून कितीतरी जास्त ती दुसऱ्या निरीक्षकाने एक तास पाहिल्याने वाढते. चार डोळ्यांचं महत्त्व.

सिंगापूरची बैठक चार डोळ्यांची अट पाळते, उलट दहा-बारा जोड्या डोळे एकत्र आणते. तिची अडचण दुसरी आहे. ए आणि डी मिळणारे थोडे. डी मिळालेल्याला मदत दिली जाते, त्याच्यावर लक्ष ठेवलं जातं आणि सुधारणा झालीच नाही तर नोकरीवरही गदा येऊ शकते. त्याबद्दल फारसा वादही होत नाही, कारण त्या शिक्षकाची अडचण शाळेत सगळ्यांना ठाऊक असते. बाकी सगळे बी, सी प्लस आणि सी यांच्या दाटीत. पैशाचा, बढतीचा, मनस्तापाचा सगळा खेळ त्याच दाटीत चालतो. म्हणजे मुख्याध्यापकांची नजर जिथे सर्वांत धूसर, तिथेच त्यांना सर्वांत बारीक रेघ ओढायला सांगितलं जातं. माझ्या मते या पद्धतीचा मूळ दोष हाच आहे. पक्षपाताची तक्रार होते तेव्हा पुष्कळदा पक्षपात नसतोही. सी प्लसचा शेवटचा माणूस आणि सीचा पहिला माणूस यांच्यात सांगण्यासारखा फरकच नसतो आणि तरीही तो सांगावा लागतो. मग ‘तुमचं काम चांगलंच आहे, पण इतरांचं आणखी चांगलं होतं’ असं एक वाक्य जन्माला येतं. ते ऐकून घरी गेलेला शिक्षक पुढच्या वर्षी काय सुधारणार?

तो एकच गोष्ट शिकतो, दिसेल असं काम करायचं. वही तपासताना मुलाला कोपऱ्यात लिहिलेली दोन वाक्यं कुणाला दिसत नाहीत. समितीचं निमंत्रकपद दिसतं, स्पर्धेतलं पदक दिसतं. तिथल्या शिक्षकांकडे मैदानाच्या, वाद्यवृंदाच्या, रोबोटिक्सच्या कामांचा बोजा असतोच. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय ‘टॅलिस’ पाहणीत सिंगापूरच्या शिक्षकांनी आठवड्याला सरासरी ४६ तास काम सांगितलं, तर पाहणीतल्या ओईसीडी देशांची सरासरी सुमारे ३९ तासांची होती. तो सगळा फरक रँकिंगमुळे पडला असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण कुठल्या समितीला नाही म्हणायचं हे ठरवताना शिक्षकाच्या मनात वर्षअखेरीचं अक्षर असतं, हेही तितकंच खरं. गेल्या काही वर्षांत शिक्षकांनी या पद्धतीवर उघडपणे बोलायला सुरुवात केली आहे आणि मंत्रालयालाही त्याची दखल घ्यावी लागली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून शिक्षकांचे पगार ५ ते १० टक्क्यांनी वाढले. तुलनेची बैठक आहे तिथेच आहे.

विशेष म्हणजे खासगी उद्योग यातून बाहेर पडू लागले आहेत. कर्मचाऱ्यांना एकमेकांशी ताडून ठरावीक प्रमाणात वर-खाली बसवण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सोडली. एकमेकांना मदत करणारी माणसं स्पर्धक झाली की काम बिघडतं, असा तिथला अनुभव. शाळेत तर एका शिक्षकाने तयार केलेली चांगली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या कपाटात गेली तरच मुलांचं भलं.

हे वाचून महाराष्ट्रातल्या एखाद्या शिक्षकाने ‘बरं झालं, आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणू नये. आपल्याकडे दुसऱ्या टोकाचा रोग आहे. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ ची नियमावली आहे. तिच्यानुसार मुख्याध्यापकांनी प्रत्येक शिक्षकाचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहायचा, प्रतिकूल शेरा असेल तर तो मुदतीत कळवायचा. त्याच नियमात एक मजेशीर तरतूद आहे. अहवाल लिहून ठेवला नाही आणि प्रतिकूल शेरा वेळेत कळवला नाही, तर त्या वर्षातलं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. मनमानी बडतर्फीपासून शिक्षकाला वाचवण्यासाठी ही तरतूद मोलाची आहे आणि कोर्टात तिने अनेकांना तारलंही आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा झाला, की काहीच न करणं हाही एक शेरा आहे आणि तो चांगला शेरा आहे. ज्या मुख्याध्यापकांना शिक्षक-खोलीत रोज त्याच माणसांबरोबर चहा प्यायचा आहे, ते दुसरं काय करणार?

अमेरिकेतही हेच झालं. २००९ मध्ये तिथल्या एका गाजलेल्या अहवालाने दाखवलं, की पाहणीतल्या जिल्ह्यांत ‘असमाधानकारक’ ठरलेले शिक्षक एक टक्काही नव्हते. राज्यांनी कायदे बदलले, नवे तक्ते आणले. २०१७ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि ॲलिसन गिलमोर यांनी पुन्हा पाहिलं तर बहुतेक राज्यांत सर्वांत खालची श्रेणी एक टक्क्याच्या आतच होती. मुख्याध्यापकांना खासगीत विचारलं की ते कच्च्या शिक्षकांचा आकडा कितीतरी जास्त सांगत. मग लिहीत का नव्हते? वेळ नाही, तोंडावर वाईट बोलणं जड जातं आणि याला काढलं तर याच्याहून बरा मिळेलच याची खात्री नाही.

गुप्ततेच्या बाबतीत मात्र भारत एक पाऊल पुढे गेला. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. सिंगापूरच्या शिक्षकाला आपलं अक्षर कळतं. आपल्याविषयीचा ‘पोटेन्शियल’चा अंदाज त्याने मित्रांच्या बढत्यांवरून ताडायचा.

आपल्याकडे पगाराची पायरी बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी अशी सेवेच्या वर्षांवर चालते. २०१७ मध्ये राज्य शासनाने या श्रेण्यांना शाळेच्या मूल्यांकनाच्या आणि निकालाच्या अटी जोडल्या. शिक्षक संघटना खवळल्या आणि पुढे त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. संघटनांचा विरोध मला चुकीचा वाटला नाही. शाळेत मुलंच कमी, वर्गखोली गळकी, बाई निवडणुकीच्या कामावर, आणि श्रेणी मात्र निकालावर. फुल्यांचं निवेदन पुन्हा वाचावं असाच तो मामला होता. मुख्याध्यापकांचं मत त्या वादात कुणी विचारलंच नाही, हे मात्र खटकतं. पोर्टलवर माहिती भरणारा माणूस एवढीच त्यांची ओळख उरली होती.

सिंगापूरच्या पद्धतीतलं जे घेण्यासारखं आहे ते वर्षअखेरीच्या बैठकीत नाही, वर्षाच्या मधल्या भेटीत आहे. त्या भेटीत अक्षर द्यायचं नसतं, म्हणून दोघं थोडं खरं बोलू शकतात. चांगला आरओ पाहिलेल्या तासाच्या नोंदी घेऊन बसतो. ‘तुम्ही प्रश्न विचारल्यावर दोनच सेकंद थांबता, तेवढ्यात पुढच्या बाकावरचीच मुलं हात वर करतात’, असं एखादं नेमकं निरीक्षण शिक्षकाच्या हाती लागतं. मग पुढे काय करायचं त्याचीही सोय आहे. १९९८ पासून शिक्षकाला वर्षाला शंभर तासांपर्यंत प्रशिक्षण घेण्याचा हक्क आहे. शाळेत सीनियर टीचर असतात, त्यांचं कामच नव्यांना हाताशी धरण्याचं. २०१० मध्ये शिक्षकांची स्वतंत्र अकादमी निघाली. या सगळ्याला जोडून मुख्याध्यापकांचं मत आलं तर त्याला अर्थ येतो. सुधारायला वाव नाही, वेळ नाही, कुणी शिकवणारा नाही आणि नुसतं अक्षर दिलं, तर ते शेऱ्याहून वेगळं काही नसतं.

सिंगापुरातल्या मराठी घरांना या व्यवस्थेची एक फट आयती दिसते. सिंगापूरच्या शाळेत प्रत्येक मुलाला मातृभाषेचा विषय असतो. भारतीय भाषांपैकी तमिळ शाळेतच शिकवतात, आणि त्याखेरीज हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती, उर्दू घेता येते. मराठी त्या यादीत नाही, म्हणून आपली मुलं बहुधा हिंदी घेतात. हिंदीचे वर्ग हिंदी सोसायटी, डीएव्ही हिंदी स्कूल यांसारख्या संस्था चालवतात, कुठे शनिवारी, कुठे शाळेच्याच वेळेत शाळेत येऊन. या विषयाचे गुण प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत इतर विषयांच्या बरोबरीने धरले जातात. पण ते शिकवणारे शिक्षक मंत्रालयाचे नोकर नाहीत, तेव्हा मुख्याध्यापकांच्या रँकिंगच्या यादीत त्यांचं नावच नसतं. पालकांना विचारलं तर काही हिंदीच्या बाई शाळेतल्या कुणाहून कमी नसल्याचं ते सांगतात. त्यांच्यासाठी ना अक्षर, ना त्याचा बोनस.

आणि मुख्याध्यापकांना कोण तोलतं? त्यांचा क्लस्टर सुपरिटेंडंट. पाच-सात वर्षांनी त्यांची बदली होते. वर्षअखेर नव्या नेमणुकांचा समारंभ होतो आणि जानेवारीत अनेक शाळांच्या दारात नवा माणूस उभा असतो. त्याच्या हातात जुन्या मुख्याध्यापकांनी सह्या केलेल्या फायली येतात. कोण घरोघरी फिरून मुलं परत आणतं, कुणाच्या तासाला मागच्या बाकावरची मुलंही बोलतात, हे त्या फायलींत असेल किंवा नसेल. काही शिक्षकांना या बदलीचा आनंद होतो, काहींच्या पोटात गोळा येतो. आरओ मात्र तेच राहतात आणि पहिल्या आठवड्यात उद्दिष्टांचा कोरा अर्ज पुन्हा सगळ्यांच्या पडद्यावर येतो.